समजतं सगळं, पण इंग्रजीत तोंड उघडत नाही. कॉलेजात असताना काय करता येईल?

माणदेशी_मुलगी

नमस्कार मंडळी. मी आटपाडी तालुक्यातली, सध्या साताऱ्यात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतून. पेपर इंग्रजीत लिहिते, मार्क चांगले पडतात, लेक्चर पूर्ण समजतं. अडतं ते बोलायला. आमच्याकडे प्रत्येक सत्रात सेमिनार द्यावा लागतो. पाठ केलेला भाग नीट म्हणते, पण शेवटी प्रश्न आले की उत्तर माहीत असूनही वाक्य जुळत नाही. मराठीत उत्तर तयार असतं. ते इंग्रजीत करेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळलेले असतात. व्हायव्हालाही तेच.

होस्टेलवर आम्ही सगळ्या आटपाडी, जत, खटावकडच्या. आपापसात इंग्रजी सुरू केलं की लगेच हशा पिकतो आणि विषय तिथंच संपतो. स्पोकन इंग्लिशच्या क्लासची चौकशी केली, तर म्हणाले आधी काही महिने ग्रामर, मग बोलणं. शिवाय फी. यंदा घरी डाळिंबाचं काही खरं नाही, त्यामुळे मागायची इच्छा होत नाही.

ग्रामर पक्कं झाल्याशिवाय बोलायला लागलं तर चालतं का? आणि बोलायला सोबत कोणी नसेल तर सराव कसा करायचा? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा.

शाहूपुरीचा_सोहम

+१. बी.कॉम. शेवटचं वर्ष, अगदी हेच दुखणं. वाचनखूण साठवली.

कुपवाडकर

ताई, मी कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत आहे. डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांचे इंटरव्ह्यू घेतो, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

मी उमेदवाराचं इंग्रजी मोजायला बसत नाही. त्याने जे प्रोजेक्ट केलं म्हणून लिहिलंय, ते त्याला कळलंय का एवढंच बघतो. एक मुलगा म्हणाला, ‘वुई युज्ड सँड मोल्ड. द कास्टिंग हॅड ब्लो होल्स. वुई रिड्यूस्ड द मॉइश्चर इन द सँड.’ संपलं. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या धातूत, पोकळ्या राहतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या छोट्या छोट्या वाक्यांतून ते मला स्वच्छ कळलं. त्याच दिवशी दुसऱ्याने ‘आय ॲम हार्डवर्किंग, डेडिकेटेड’ असं लांबलचक सुरेख म्हटलं, पण कुठला मोल्ड वापरला म्हणून विचारल्यावर गप्प झाला. कोणाला घेतला ते सांगायला नको.

लांब वाक्य करायला जाऊ नका. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची, मग थांबायचं, मग पुढचं. ‘विच’, ‘दॅट’, ‘व्हेअरॲज’ जोडत गेलात की वाक्य मध्येच अडकतं.

माणदेशी_मुलगी

दादा, हे फार कामाचं आहे. माझं वाक्य अर्ध्यातच तुटतं, कारण ते सुरुवातीपासून लांब असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून मी शेवटापर्यंत जुळवत बसते.

विश्रामबागच्या_बाई

मुली, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, चालतं. खरं म्हणजे तसंच करावं लागतं. मी सांगलीत पदवीच्या मुलांना इंग्रजी शिकवत आले, आता निवृत्त आहे. तुझ्यासारखी मुलं प्रत्येक वर्गात असायची आणि त्यांचं व्याकरण धिटाईने बोलणाऱ्यांपेक्षा बहुतेक वेळा सरस असायचं.

समजणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकवायचा मोठा प्रयोग झाला. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून मुलांचं ऐकणं, वाचणं फार चांगलं झालं, पण बोलणं आणि लिहिणं मागे राहिलं. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ साली त्यावरून मांडलं की नुसतं ऐकून पुरत नाही, स्वतः भाषा घडवावी लागते. बोलायला गेल्यावरच आपल्याला नेमकं काय येत नाही हे ध्यानात येतं, आणि मग आपण ते शोधायला लागतो. तू आजवर ऐकलंस, वाचलंस, लिहिलंस. बोलायची संधी तुला कुणी दिलीच नाही. तुझ्या बुद्धीत काही कमी नाही, हे आधी मनात पक्कं कर.

भीतीचंही तसंच. परक्या भाषेच्या वर्गात जी भीती वाटते ती इतर भीतीपेक्षा वेगळी असते, म्हणून तिचा स्वतंत्र अभ्यास झाला. १९८६ साली हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. तयारीशिवाय बोलायला लागलं की घाबरायला होतं, बाकीची मुलं हसतील असं वाटतं, अशी विधानं तिच्यात आहेत. म्हणजे आटपाडीच्या मुलीला जे वाटतं तेच अमेरिकेत स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांनाही वाटत होतं.

आता सराव. एक विषय घे, समजा ‘काल प्रयोगशाळेत काय केलं’. तो एका मैत्रिणीला चार मिनिटांत सांग. मग तोच दुसरीला तीन मिनिटांत, आणि तिसरीला दोन मिनिटांत. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लिखाणातून ही पद्धत जगभर गेली. ऐकणारी दर वेळी नवी हवी, म्हणजे तेच पुन्हा सांगताना कृत्रिम वाटत नाही. काय सांगायचं ते ठरलेलं असतं, शब्द एकदा सापडलेले असतात, वेळ कमी झालेला असतो, त्यामुळे मनातल्या मनात भाषांतर करायला सवडच राहत नाही. तिसऱ्या वेळी बोलणं कसं सैल होतं ते तुझं तुलाच ऐकू येईल. कोणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड कर. ऐकणारी नसली तरी घड्याळ लावून तेच कर.

भडंगप्रेमी

बाईंना दंडवत. माझा एक उपाय: ग्रुप करा, जो मध्येच मराठी शब्द बोलेल त्याने सगळ्यांना भडंग खाऊ घालायचं. भाषा नाही आली तरी पोट भरेल.

विश्रामबागच्या_बाई

भडंगाला माझी कधीच ना नाही. पण दंड नको. दंड ठेवला की जिला शब्द आठवत नाही ती गप्प बसते, आणि गप्प बसणं हाच तर मूळ आजार आहे. मराठी शब्द मध्ये आला तर येऊ द्या, वाक्य पूर्ण करा. ‘द सोल्यूशन बिकेम गढूळ’ म्हणा आणि पुढे चला. ‘टर्बिड’ नंतर शोधा. असा गरजेपोटी शोधलेला शब्द डोक्यात पक्का बसतो.

विट्याचं_पाणी

बाईंच्या पहिल्या मुद्द्याला माझ्या घरातला पुरावा देतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेत, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. माझे वडील पोरसवदा वयात कोइमतूरला गेले. शिक्षण सातवी. तमिळचा एक शब्द येत नव्हता.

ते सांगतात, पहिल्यांदा आकडे शिकलो, कारण वजन आणि भाव आकड्यांत. मग तंगम म्हणजे सोनं, वेळ्ळी म्हणजे चांदी. मग एव्वळवु, म्हणजे किती. मग गिऱ्हाइकाला उद्या या म्हणायचं असलं की ‘नाळैक्कु वांग’. अशी धंद्यातली ठरावीक वाक्यं रोज तोंडात बसली आणि त्यांना जोडून बाकीची भाषा आली. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, कमी का निघाला हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याइतकी तमिळ त्यांना येते, आणि हा अवघड, भांडणाचा विषय आहे. मी एकदा विचारलं, दादा, व्याकरण कधी शिकलात? म्हणाले, अरे गिऱ्हाईक दारात उभं असतं, तेव्हा काय शिकू.

तेच वडील इंग्रजी म्हटलं की मागे सरतात. तमिळ चुकली तर कोणी त्यांना अडाणी म्हटलं नाही, उलट मराठी माणूस आमची भाषा बोलतोय म्हणून दुकानदार खूश व्हायचे. इंग्रजी चुकली की माणसाची किंमत कमी होते असं आपल्या मनात बसलंय. माणदेशी ताई, तुझ्या गावातली निम्मी घरं अशीच दोन-दोन भाषा शिकलेली असतील. घरी विचारून बघ.

माणदेशी_मुलगी

माझे मामाच गलाईवाले आहेत, विजयवाड्याला! भावाभावांत तेलुगूत बोलतात, ते आम्हाला कळू नये म्हणून. हे कधी असं बघितलंच नव्हतं.

परखड_पाटील

सगळे उपाय सांगताय, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मुलीने, साताऱ्यातल्या प्राध्यापकापुढे, मराठी मुलांच्या वर्गात केमिस्ट्रीचं उत्तर इंग्रजीतच का द्यायचं? तिला उत्तर येतंय, हे तिने स्वतः लिहिलंय. मग तिची परीक्षा विषयाची चाललीय की भाषेची? तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने २०२१ मध्ये मराठीसह भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. ते होऊ शकतं तर सेमिनारनंतरचे प्रश्न मराठीत का नाहीत? न्यूनगंड मुलीला नाही, व्यवस्थेला आहे.

नायगावची_लेक

पाटील, तुमच्या तळमळीशी सहमत. पण आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८५४ च्या कवितासंग्रहात इंग्रजी शिकायला सांगितलं होतं. मराठीत कविता लिहिणारी बाई इंग्रजी शिका म्हणत होती. कारण ती विद्या ज्यांना नाकारली होती त्यांच्या हाती ती पडावी, ही तिची ओढ होती. मराठी सोडा असं त्यांनी कधी म्हटलं नाही. शहरातल्या मुलांना इंग्रजी घरातच मिळते. आपण ‘मराठीच बरी’ म्हणून थांबलो तर नुकसान आपल्याच पोरींचं होतं.

परखड_पाटील

सावित्रीबाईंपुढे मी नतमस्तक. पण त्यांनी मुलींना शिकवलं ते मराठीतून. दोन्ही हवं, एवढंच माझं म्हणणं. निदान शिक्षकाने ‘आधी मराठीत सांग, मग दोघं मिळून इंग्रजीत करू’ एवढं तरी म्हणावं.

विश्रामबागच्या_बाई

पाटील, हे शेवटचं वाक्य मला मनापासून पटलं. मी वर्गात हेच करत असे. मुलाने मराठीत उत्तर दिलं की वर्ग मिळून ते इंग्रजीत करायचो. विषय येतो हे आधी सिद्ध झालं की मुलाचा आवाज चढतो.

मिरज_वॉर्ड

मी मिरजेत एमबीबीएसला आहे. आमच्याकडे गंमत अशी की पेशंट मराठीत बोलतो, सीमेजवळ असल्यामुळे बरेच जण कन्नडमध्ये बोलतात, आणि आम्हाला तीच केस सरांपुढे इंग्रजीत मांडायची असते. मराठी माध्यमातून आल्यावर पहिल्यांदा हातपाय गार पडतात.

पण आमच्या केस प्रेझेंटेशनला साचा ठरलेला असतो. आधी नाव, वय, राहणार कुठला, काय काम करतो. मग मुख्य तक्रारी, किती दिवसांपासून. मग आत्ताच्या आजाराची हकीकत. मग पूर्वीचे आजार, घरातले आजार, सवयी. मग तपासणीत काय सापडलं. क्रम कधी बदलत नाही, त्यामुळे पुढचं वाक्य कुठून सुरू करायचं हा प्रश्नच राहत नाही. ‘द पेशंट वॉज अपॅरंटली ऑलराइट अंटिल फाइव्ह डेज बॅक’ हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाच्या तोंडात इतकं बसलंय की त्यानंतरचं आपोआप येतं. पहिल्या वर्षाला कोपऱ्यात उभी राहणारी मुलं फायनलला बिनधास्त केस मांडतात. त्यांचं सगळं इंग्रजी सुधारलेलं असतं असं नाही, त्या साच्यापुरतं त्यांचं इंग्रजी पक्कं झालेलं असतं.

ताई, केमिस्ट्रीतही असा साचा करता येईल ना? काय शोधायचं होतं, काय घेतलं, काय केलं, काय मिळालं, काय बिघडलं. प्रत्येकाचं पहिलं वाक्य पक्कं करून ठेव.

माणदेशी_मुलगी

हो! प्रयोगवहीत हाच क्रम असतो. लिहिताना वापरतो, बोलताना कधी डोक्यातच आलं नाही.

भाव्यांच्या_गावचा

पाठांतरावरून थोडं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हापासून हे गाव तालमींचं. मी हौशी रंगभूमीवर काम करतो. सगळं शब्दशः पाठ केलेला नट आणि प्रसंग समजून पाठ केलेला नट, यातला फरक समोरच्याने चुकीचं वाक्य टाकलं की दिसतो. पहिला अडकतो. दुसरा प्रसंग धरून पुढे जातो. सेमिनार शब्दशः पाठ करू नका. प्रत्येक स्लाइडचं पहिलं वाक्य पाठ करा, बाकीचं त्या स्लाइडकडे बघून स्वतःच्या शब्दांत सांगा. मग प्रश्नोत्तरात अचानक दुसऱ्याच भाषेत आल्यासारखं होणार नाही, कारण आधीपासून तुम्ही बोलतच होता.

आणि आवाज. इंग्रजी बोलताना आपला आवाज निम्म्यावर येतो. घाबरलेला माणूस श्वास वर छातीत धरतो आणि वाक्याचं शेपूट गिळतो. समोरच्याला ऐकू आलं नाही की तो ‘काय?’ विचारतो, आणि आपल्याला वाटतं इंग्रजी चुकलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात बोला. श्वास घ्यायला थांबलात तर ऐकणाऱ्याला तो विराम वाटतो, अडखळणं वाटत नाही. आणि हे पडल्या पडल्या पुटपुटून होत नाही, उभं राहून तालीम करावी लागते.

वाईची_वैदेही

मला एक विरोधी सूर लावायचाय. ‘चुका होऊ द्या, बोलत राहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो अर्धवट वाटतो. मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. माझ्याकडे अशी मुलं येतात जी फाडफाड बोलतात, पण ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘ही इज’च्या जागी ‘ही आर’, ‘डिस्कस अबाउट’ हे इतकं मुरलेलं असतं की काही केल्या सुटत नाही. भाषा शिकणाऱ्याच्या अशा मुरलेल्या चुकांबद्दल लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्येच लिहिलंय. विद्यापीठात बोलायचं तर अचूकपणाही लागतो. उद्या ती परिषदेत पेपर वाचेल तेव्हा काय?

विश्रामबागच्या_बाई

वैदेही, तुझा मुद्दा खरा आहे आणि मी तो वर मांडायला हवा होता. फक्त वेळ वेगळी ठेवावी असं मला वाटतं. बोलत असताना दुरुस्ती नाही. बोलणं संपल्यावर रेकॉर्डिंग ऐकायचं आणि एकच चूक निवडायची. एकच. तो आठवडा तिच्यावर. दहा चुका एकदम धरल्या तर पुढच्या वेळी मुलगी तोंडच उघडत नाही. आणि आपल्या मुलांच्या चुका बेहिशेबी नसतात, त्या मराठीतून येतात. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतो, ‘आहेत’चं काय करावं ते कळत नाही, मग ‘हॅविंग’ येतं. हो की नाही?

वाईची_वैदेही

मान्य. आठवड्याला एक चूक, हे मी माझ्या वर्गातही करून बघते. ‘हॅव’, ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलाँग’ ह्यांना साधारणपणे आयएनजी लावायचं नाही, इथपासून सुरुवात करा. आपल्याकडे निम्म्या चुका एवढ्यात जातात.

रयतेचा_विद्यार्थी

वय झालंय, थोडक्यात लिहितो. मी कमवा आणि शिका योजनेतून शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झालं, तेव्हा वाटलं आता पोरांची ही अडचण मिटली. हा धागा वाचून कळतं की नाही मिटली, कारण इंग्रजी अजूनही वहीत आहे, जिभेवर आलेलं नाही. होस्टेलवर आम्ही रात्री इंग्रजी पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचायचो. एकाने वाचायची, दुसऱ्याने पेपर न बघता आपल्या शब्दांत सांगायची. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवून वसतिगृह चालवलं. एकत्र राहून एकमेकांना वर ओढायचं, ही त्यातली शिकवण. पोरी, तुझ्या होस्टेलवरच्या मैत्रिणी हसतात म्हणतेस, त्याही घाबरलेल्याच आहेत. त्यांनाच बरोबर घे.

शाहूपुरीचा_सोहम

काका, तुमच्याकडून अजून वाचायला आवडेल. अवांतर: कमवा आणि शिकामध्ये तुम्हाला कुठलं काम होतं?

रयतेचा_विद्यार्थी

शेतात पाणी पाजायचं, आणि नंतर ग्रंथालयात पुस्तकं लावायचं. दुसरं काम मिळालं तेव्हा दिवाळी झाली.

कराड_ते_आखेन

मी कराडचा, जर्मनीत आखेनला मास्टर्स करतोय. इथल्या लॅबमध्ये जर्मन, चिनी, तुर्की, इराणी आणि आम्ही. इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नाही आणि सगळं काम इंग्रजीत चालतं. आपल्या देशातही २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम अडीच लाखांच्या घरात होते. म्हणजे आपण रोज ज्यांचं इंग्रजी ऐकून दबतो तेही बहुतेक शिकलेलेच आहेत. फरक सुरुवात कधी केली एवढाच.

उच्चाराबद्दल: ब्रिटिश-अमेरिकन ढब आणायच्या फंदात पडू नका. परदेशी शिकायला जाताना इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा देतात, तिच्या बोलण्याच्या भागात ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखंच वजन असतं, आणि उच्चारात ते बघतात की समजतं का. मराठी ढबीने कोणाचे मार्क जात नाहीत. पण जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा ते मात्र शिका. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर असतो आणि बाकीची दबतात. फोटोग्राफमध्ये जोर ‘फो’वर, फोटोग्राफरमध्ये ‘टॉ’वर. जोर चुकला की समोरच्याला शब्दच ओळखू येत नाही. मला इथे पुन्हा सांगायला लावायचे ते नव्वद टक्के वेळा जोरामुळे, ढबीमुळे कधीच नाही.

दुसरं, व्ही आणि डब्ल्यू. आपण दोन्हीला ‘व’ म्हणतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला ओठ गोल करायचे, दात लावायचे नाहीत. आरशापुढे काही दिवसांत बसतं.

भडंगप्रेमी

म्हणजे आखेनला भडंग मिळतं का हा खरा प्रश्न राहिला.

कराड_ते_आखेन

आई पाठवते. चिनी मित्र डबा रिकामा करतो. त्याला भडंग कसं करतात ते सांगताना माझं इंग्रजी सगळ्यात चांगलं होतं. कडीपत्ता, लसूण, चुरमुरे, सगळं हातवारे करून.

कुपवाडकर

हे लाख बोललात. जे आपल्याला आतून माहीत असतं ते बोलताना भाषा मदतीला येते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत परदेशी लोक तंबोरा-सतार घ्यायला येतात. भोपळा कुठला, जवारी कशी काढली, हे तिथले कारागीर त्यांना इंग्रजी शब्द जोडून जोडून समजावतात. गिऱ्हाईक कान देऊन ऐकत असतं, कारण माहिती अस्सल आहे.

माणदेशी_मुलगी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला उशीर झाला, मधे इंटर्नल होत्या.

क्लास लावत नाही. रूममेट आणि शेजारच्या खोलीतल्या दोघी तयार झाल्या. रात्री जेवणानंतर चार-तीन-दोन करतो. दंड नाही, हसायला परवानगी आहे, पण वाक्य संपल्यावर. खटावची मैत्रीण गप्पच असायची, तिने परवा दुष्काळात चारा छावणीत तिच्या घरची जनावरं कशी राहिली ते इंग्रजीत सांगितलं. तिला ‘फॉडर’ शब्द येत नव्हता, ‘चारा’च म्हणाली, आणि आम्ही सगळ्या गप्प ऐकत होतो.

आता एक अडचण. सेमिनार जवळ आलाय, विषय कॉलम क्रोमॅटोग्राफी. प्रश्न विचारल्यावर विचार करायला वेळ हवा असतो, तेव्हा काय म्हणायचं? गप्प राहिलं की सरांना वाटतं येत नाही.

वाईची_वैदेही

त्यासाठी चार-पाच वाक्यं खिशात ठेव. ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट.’ ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ ‘डू यू मीन द सॉल्व्हंट ऑर द कॉलम?’ म्हणजे प्रश्न आपणच अरुंद करून घ्यायचा. ‘व्हॉट आय मीन इज...’ म्हणजे वाक्य बिघडलं तर पुन्हा सुरू करायची सोय. आणि खरंच येत नसेल तर ‘आय ॲम नॉट शुअर, आय विल चेक अँड टेल यू.’ ही तोंडात बसव, विचार न करता आली पाहिजेत. मोठमोठे प्राध्यापक परिषदेत हीच वाक्यं वापरतात.

विश्रामबागच्या_बाई

आणि मैत्रिणींना सांग, तुझा सेमिनार ऐकून प्रत्येकीने प्रश्न विचारायचे. मुद्दाम आडवेतिडवे. मांडणीची तालीम सगळे करतात, प्रश्नांची कोणी करत नाही.

माणदेशी_मुलगी

हे आजपासूनच. शेवटचं विचारते, क्रोमॅटोग्राफीत जोर कुठे?

कराड_ते_आखेन

‘टॉ’वर. क्रोमॅ-टॉ-ग्रफी. शेवटी ग्राफी किंवा लॉजी आलं की जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर: फोटॉग्रफी, बायॉलजी. शेवटी इक किंवा इकल आलं की बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर: क्रोमॅटोग्राफिकमध्ये ‘ग्रा’वर, ॲनॅलिटिकलमध्ये ‘लि’वर. तुमचा नेहमीचा शब्द कॅटलिस्ट, त्यात ‘कॅ’वर, पण कॅटॅलिसिस म्हटलं की ‘टॅ’वर, आणि कॅटॅलिटिक म्हटलं की ‘लि’वर. सेमिनारमधले असे वीसेक शब्द काढ, जोराच्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ मार आणि मोठ्याने म्हण.

माणदेशी_मुलगी

काढले. ‘इल्यूएंट’ आणि ‘ॲडसॉर्प्शन’वर अडलेय, त्यांचंही सांगा.

कराड_ते_आखेन

ॲडसॉर्प्शनमध्ये ‘सॉर्प’वर. इल्यूएंटमध्ये ‘एल’वर. एल-यु-अंट असं म्हण.